पत्र्याचा डबा

टोळीतल्या रानटी माणसांचा तिसरा दगड पिंजऱ्याच्या जाळीवर आपटला तसं मिस्त्रीने डोकं आत घेतलं.

"मारा लेको, मारा. चार दिवसांचा पाहुणा आहे मी," तो पुटपुटला. चार दिवसांचे आता चाळीस झाले होते.

स्थळ-काळ ओलांडणाऱ्या यंत्राचा हा पिंजरा त्याच्याच कारखान्यातला. सगळे नियम पाळून तो दुरुस्तीला आत शिरला, कोपर खटक्याला लागलं आणि डोळे उघडले ते या डायनासोरांच्या ग्रहावर. जायला आतली बॅटरी पुरते. परत ओढायचं ते मात्र कारखान्यातल्या मुख्य स्विचनेच.

ते यंत्र त्याच्याखेरीज फक्त मेहुण्याला कळायचं. बायकोचा धाकटा भाऊ. हात सोन्याचे, पण शिस्तीच्या नावाने शिमगा. मागे एका कामगाराचा हात यंत्रात अडकला. सोडवायचा तर यंत्र उलटं फिरवायला हवं, आणि स्विचवर त्या कामगाराचीच लाल पाटी, 'काम चालू, स्विचला हात लावू नका' सांगणारी. मेहुण्याने ती काढून फेकली आणि माणूस वाचवला. मिस्त्रीने सगळ्यांदेखत त्याच्या हातात झाडू दिला.

"ज्याची पाटी, त्यानेच काढायची. माणूस मेला तरी चालेल, नियम मरता कामा नये!"

मेहुणा खालमानेने "बरं, दाजी" एवढंच म्हणाला. बायको आठवडाभर बोलली नाही. पण दोघंही मनात ठेवणारी नव्हती, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. आता तर तिने रडून रडून डोळे सुजवले असतील. तिच्या आठवणीने त्याला भडभडून आलं.

आणि मेहुणा काही गप्प बसला नव्हता. दहा दिवसांपूर्वी टेकडीवर पत्र्याचा डबा पडला, चाचणीच्या छोट्या यंत्रातून आलेला. नक्कीच दुरुस्तीत बसवायचा राहिलेला सुटा भाग, तो लावला की मेहुणा स्विच दाबणार! पण टोळीवाल्यांनी तो आधी उचलला आणि आपल्या म्हातारीच्या उशाशी नेऊन ठेवला.

त्या टोळीत माणुसकी होती ती एकट्या म्हातारीत. रोज कवटीतून पाणी आणून द्यायची. ती मध्ये होती म्हणून बाकीचे दगडांवर भागवत होते, भाल्यांना हात घालत नव्हते. डबा कसा मागावा, हे काही मिस्त्रीला हातवाऱ्यांनी जमलं नाही.

दुपारी लांब मानेच्या डायनासोरांचा कळप नदीवर उतरला आणि टोळी शिकारीला पांगली. जीव मुठीत धरून मिस्त्री त्या खांबांएवढ्या पायांमधून गुहेत शिरला. त्याने डबा उचलला आणि म्हातारीला जाग आली. ओरडली नाही. नुसतं त्याचं मनगट धरलं.

"सोड, आजी. घरी जायचंय मला."

तिने सोडलं नाही. त्याने ढकललं. ती दगडावर पडली ती उठली नाही, आणि मिस्त्री मागे न बघता पळाला.

पिंजऱ्याचं दार लावेपर्यंत टेकडीवर आरोळी उठली होती. या वेळी त्यांच्या हातांत दगड नव्हते. पहिला भाला जाळी फाडून आत आला.

"पोरा, लाज राख रे," म्हणत मिस्त्रीने डबा उघडला.

आत फक्त एक चिठ्ठी होती.

"दाजी, मुख्य स्विचवर तुमची लाल पाटी लटकतेय. तेवढी येऊन काढा, मग लगेच तुम्हाला ओढून घेतो. ताईलाही विचारलं. ती म्हणाली, नियम मरता कामा नये."