चुन्याचे ओघळ

गावाबाहेरच्या पुरातन चर्चला लागून एक बिनदाराची कोठडी होती. "चारशे वर्षांपूर्वी गावाने एका बाईला इथे जिवंत चिणलं," असं राखणदार पाहुण्यांना तीस वर्षं रंगवून सांगत आला होता. "हे चुन्याचे ओघळ बघा. गवंड्याचा हात कापत होता. त्याचे वंशज अजून गावात आहेत, ते समोरचं घर." आणि तो बोट दाखवायचा.

कोठडीची भिंत फुगली, तेव्हा त्याच घरातला गवंडी दुरुस्तीला आला. दोन दगड काढून त्याने बॅटरी घेऊन आत डोकं घातलं, ते बराच वेळ बाहेर येईना.

"हाडं आहेत का रे?" राखणदाराने विचारलं.

"आहेत." गवंड्याने डोकं बाहेर काढलं. "पण काका, गवंडी ज्या बाजूला उभा असतो, त्याच बाजूने दगडांच्या फटींवरून बोट फिरवतो. पलीकडे नुसते ओघळ राहतात."

राखणदाराने आत वाकून पाहिलं. खालपासून वरपर्यंत प्रत्येक फटीतला चुना आतून बोटाने सारखा केलेला होता. ज्या बोटाने तो तीस वर्षं ते घर दाखवत आला, ते त्याने एका खाचेत ठेवून पाहिलं. मावलं नाही. खाच बाईच्या बोटाची होती.