साडेपाचचं मशीन

साडेपाच वाजले आणि खालच्या मजल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं. रंगराव ताडकन उठून बसले.

"ऐकलंस?" ते बायकोवर ओरडले, जणू मशीन तीच चालवत होती. "आज तेविसावा दिवस!"

"ऐकलं," शांताक्का म्हणाली. "जागे झालाच आहात तर बूट घाला आणि चालून या."

ते बूट दसऱ्याला आणले होते. रंगरावांनी ते घालून सरस्वतीपुरमच्या पार्काला जेमतेम आठवडाभर फेऱ्या मारल्या. मग फेरी कोपऱ्यावरच्या हॉटेलातच संपायला लागली. साठीला टेकलेला माणूस, दिवसभर कापडं बेतत उभा, त्याला आणखी व्यायाम कसला, असं त्यांचं म्हणणं. आता तर खाली सत्तरीची बाई घाण्याला जुंपलेली. असं असताना आपण हात हलवत फिरायला जायचं, हे त्यांना पटेना.

खाली लक्ष्मीदेवी राहत होती. रंगराव पोरके झाले तेव्हा तिच्या नवऱ्यानं त्यांच्या हातात कात्री दिली होती आणि तिनं दोन वेळचं ताट. नवऱ्याच्या जोडीनं मशीन चालवून चालवून तिचे गुडघे गेले. नवरा वारला त्या दिवशी मुलानं, नागराजनं, सगळ्या समाजादेखत शब्द दिला होता की अम्माचा पाय आता पायडलला लागणार नाही. आणि आता? त्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला शिमोग्याला गेली काय, म्हातारी पुन्हा मशीनवर!

चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्याला मशीनचा आवाज फसवत नाही. कॉलर आली की मशीन थबकतं. बाहीला हळू होतं. हे मशीन न थांबता एकसारखं धावत होतं. म्हणजे सरळ शिवण. पडदे नाहीतर चादरी, गठ्ठ्यानं आलेलं काम. नवशिकाही ज्याला नाक मुरडतो, ते काम जन्मदात्या आईला? रंगरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नागराज पन्नाशीचा. मार्केटात दुकान, तिथली सगळी मशीनं मोटरवर चालतात. मागच्या दिवाळीत तो दुकानातच चक्कर येऊन पडला, शुगर निघाली. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून बजावलं, तर हा म्हणाला, "सकाळी आठला दुकान, रात्री नऊला घर. चालू कधी?" स्वतःला वेळ नाही, आईची पहाट मात्र हक्काची! आणि अलीकडे चेहऱ्यावर तेज आलेलं. त्याची कंबर तीन इंच उतरलीय, हे रंगरावांनी टेप न लावता हेरलं होतं. ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकलं की माणूस असाच हलका होतो, ते मनात म्हणाले.

त्या संध्याकाळी लक्ष्मीदेवी अंगणात एकटी सापडली.

"अक्का, पहाटे मशीनचा आवाज येतो."

म्हातारी दचकली. "अय्यो! वर ऐकू येतो होय रे? अजून दोन महिने सोस, रंगा."

"मी विचारतो नागराजला."

"बेड, बेड! नको रे! काही विचारू नकोस. लोकांत कळलं तर लाजेनं मरेल तो."

"मरायलाच पाहिजे!"

"सुम्मने बस, अगदी गप्प. मुलगा माझा आहे. त्याचं काय ते मी बघते."

रंगरावांचे डोळे भरून आले. मुलगा कसाही निघो, आई त्याच्यावर पांघरूण घालणारच. पण आपण कुणाचं अन्न खाल्लं, हे ते विसरले नव्हते.

येत्या रविवारी नागराजला विठ्ठल मंदिराच्या कमिटीचा अध्यक्ष करायचं ठरलं होतं. रंगराव तडक मावळते अध्यक्ष गंगाधरराव यांच्या घरी गेले.

"आईला राबवणाऱ्याच्या हाती देवळाची किल्ली द्यायची? विटेवर उभा आहे तो, आंधळा नाही!"

"नागराज?" गंगाधररावांचा विश्वास बसेना. "पुरावा आहे?"

"उद्या साडेपाचला या. स्वतःच्या कानांनी ऐका."

"खरं निघालं," गंगाधरराव गंभीर होऊन म्हणाले, "तर अध्यक्षपद सोडाच, समाजात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही त्याला."

घरी शांताक्कानं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, आधी नीट विचारा तरी. एवढ्यातेवढ्यावरून माणसाची अब्रू घालवाल."

"विचारायचं काय? कान आहेत मला!"

सकाळी गंगाधरराव आले. फाटकापासून दारापर्यंत येईतो त्यांना धाप लागली. रंगराव जिना उतरले, तेही कठड्याला धरून. आत मशीन धावत होतं. गंगाधररावांनी दाराला कान लावला आणि हळूहळू त्यांचा चेहरा कठोर झाला.

"नीच माणूस," ते पुटपुटले.

रंगरावांनी रात्रभर बोलणं जुळवलं होतं. अन्न, कात्री, समाजादेखत दिलेला शब्द, सगळं त्यात होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी ते धाडकन उघडलं.

"नागराज! लाज नाही वाटत तुला—"

मशीनवर ना कापड होतं, ना दोरा, ना सुई. घामानं बनियन चिंब झालेला नागराज दात-ओठ खात पायडल मारत होता. लक्ष्मीदेवी समोरच्या खुर्चीत, पाय स्टुलावर, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात लाकडी फूटपट्टी. "पाय थांबवू नकोस, नागू, सात मिनिटं बाकी आहेत," ती म्हणाली. मग दारातल्या दोन सुटलेल्या पोटांवरून तिची नजर सावकाश फिरली. "याचं झालं की तुमच्यातलं आधी कोण बसतंय?"