दारातले नखरे

"डिग्री घरी ठेवून ये," मिस्त्री म्हणाले. "इथं तेलाचे डाग पडतील तिच्यावर."

पोरगी जागची हलली नाही. इंजिनीअरिंगची चार वर्षं तिनं फळ्यावरच्या इंजिनाबरोबर काढली होती. खऱ्या इंजिनाला हात लागला तो दोनदा, तोही परीक्षेपुरता. एका कंपनीनं ऑफिसातली नोकरी देऊ केली होती, महिनाअखेरीला हो किंवा नाही कळवायचं होतं. पण तिथंही इंजिन पडद्यावरच दिसणार होतं.

"पडेल ते काम करीन," ती म्हणाली. "पण मला शिकायचंय."

मिस्त्रींनी तिचा अर्ज हातात घेतला. मार्कांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पत्ता मात्र दोनदा वाचला.

"घरी कोण असतं?"

"आई. आम्ही दोघीच. ती शिवणकाम करते."

"हं." त्यांनी अर्जाची घडी करून खिशात टाकली. "गाडी आहे?"

"घेणारे. शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत."

"मग जुनी घे. महिनाभर त्याच गाडीनं रोज नऊच्या आत इथं यायचं. बिघडली तर स्वतः दुरुस्त करायची. एक दिवस उशीर झाला की तुझा रस्ता वेगळा, आमचा वेगळा. गाडी सुरू होईना म्हणून मेकॅनिक उशिरा आली, हे गिऱ्हाइकानं ऐकलं तर मी तोंड कुठं लपवू?"

गाडी मिळाली. फिकट हिरवी, वयानं पोरीपेक्षा मोठी, एका दाराला पोचा. तिची पहिली गाडी! दारात उभी केल्यावर पोरगी तासभर नुसती स्टिअरिंग धरून आत बसली होती.

आईनं खिडकीतून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "सोन्यासारखी नोकरी सोडून हे भंगार? पंख्याखाली बसायचं सोडून हात काळे करायची हौस! मला त्यातलं काही कळत नाही बाई." एवढं बोलून तिनं डाव्या हातानं कात्री उचलली आणि एका झग्याची बाही कापायला घेतली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी ढिम्म. पोरगी पुस्तक उघडून बॉनेटवर वाकली. बॅटरीची तार ढिली झाली होती. एवढीशी गोष्ट सापडायला दीड तास गेला. नवाला दोन मिनिटं कमी असताना ती घामाघूम होऊन गॅरेजात पोचली.

"काय झालं होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

तिनं सांगितलं. ते पुढच्या गाडीकडे वळले.

संध्याकाळी ती नळाखाली हात घासत बसली, पण काळं निघेना. "साबणात चमचाभर साखर घे आणि चोळ," आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. निघालं.

मग रोजचंच झालं. आज फ्यूज उडाला, उद्या पेट्रोलची नळी दबली. गाडी रस्त्यात एकदाही दगा देत नव्हती, नखरे सगळे दारातच. आई कुरकुरायची, "सोड तो नाद," म्हणायची. तरी सकाळी सहाला पोरीला गदागदा हलवून उठवायची तीच.

दीड तासाचा एक तास झाला, तासाचा अर्धा. पोरीनं पुस्तक बरोबर न्यायचं सोडून दिलं. एके दिवशी सगळं ठीक दिसत असूनही गाडी मेल्यासारखी पडून होती. शेवटी टेप गुंडाळलेली अर्थिंगची तार तिनं सोलली, तर ती आतून तुटलेली. टेपही नेहमीच्या उलट बाजूनं गुंडाळलेली. आधीचा मालक विचित्रच असणार, असं ती मनाशी म्हणाली.

"अर्थिंग होतं," तिनं गॅरेजात सांगितलं.

"आलीस का अर्थिंगपर्यंत!" मिस्त्री खुशीत म्हणाले आणि चहा घ्यायला निघून गेले.

अठ्ठाविसाव्या दिवशी इंजिन नुसतं खोकत राहिलं. तिनं आठ मिनिटांत पकडलं. दोन प्लगांच्या तारांची अदलाबदल झाली होती. तिला इतका आनंद झाला की तिनं बॉनेटवर थाप मारली. आणि मग हात तसाच राहिला. तार ढिली होते, तुटते, सगळं खरं. पण तारा आपापसात जागा बदलत नाहीत.

बॉनेट उघडायची कळ गाडीच्या आत होती. गाडीला दोन किल्ल्या. एक पोरीच्या खिशात, दुसरी शिलाई मशीनशेजारच्या खिळ्यावर.

गॅरेजात तिनं "प्लग" एवढंच सांगितलं. पण दिवसभर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. जिनं एकटीनं शिकवलं, वाढवलं, तीच पायात पाय घालत होती.

तिसाव्या दिवशी ती पाचलाच उठून खिडकीशी उभी राहिली. उजाडता उजाडता आई खाली आली. तिनं बॉनेट उघडलं. चाचपडली नाही, थांबली नाही, सरळ हात घातला. तिच्या डाव्या हातात मूठ झिजलेला पाना होता.

पोरगी धावतच खाली गेली.

"तू? महिनाभर तूच?" तिचा आवाज फाटला. "एवढं नकोय तुला मी तिथं जायला? तोंडावर सांगायचं ना! आज शेवटचा दिवस आहे, आई. काय केलंस तू?"

"काही नाही," आई म्हणाली. "हात घातला, पण आज काय बिघडवावं ते सुचतच नाहीये." तिनं बॉनेट हलकेच खाली टेकवलं आणि पाना पोरीच्या हातात दिला. मिस्त्रींच्या गॅरेजातल्या पान्यांवर असते तीच खूण त्याच्या मुठीवर होती, झिजून पुसट झालेली. "मिस्त्रींना म्हणावं, माझ्याकडचे बिघाड संपले. आता पुढचं तुम्ही शिकवा."