बारावी शपथ

अकरा नातेवाइकांनी संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवून शपथ घेतली, की सरदार गुंतारने कुणालाही मारलेलं नाही. अकराही जण किती सफाईने खोटं बोलले! दाढीला लागलेली डुकराची चरबी पुसायचे कष्टही कुणी घेतले नव्हते. सकाळी त्याच्याच घरी जेवून सगळे थेट सभेत आले होते.

बारावी शपथ मुलाची, गेरुल्फची. ती मिळाली नाही, तर गुंतारला उकळत्या पाण्यात हात घालून स्वतःला निर्दोष ठरवावं लागणार होतं. कढईखाली जाळ केलेला होता, पण गुंतार तिकडे पाठ करून उभा होता. त्याच्या पणजोबाने म्हणे कुठल्याशा राजाच्या घोड्याचा लगाम धरला होता. तेवढ्या लगामावर चार पिढ्या माजल्या होत्या. आणि याच्या घोड्याला वाट द्यायला ओदो कुंभाराला जरा उशीर झाला, एवढ्यावरून तो जिवानिशी गेला.

गेरुल्फने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच पहाटे बहिणीने, रात्रूदने, ओढ्याकाठच्या अल्डरच्या झाडाच्या चार काठ्या तोडून त्याच्या अंगरख्यात खोचल्या होत्या. भरसभेत त्या डोक्यावर धरून मोडल्या की घराशी नातं तुटतं, वारसाहक्कही जातो. पण हा भित्रा ऐन वेळी कच खाणार, असं बायकांच्या घोळक्यातून बघताना तिला वाटायला लागलं.

गेरुल्फचा हात पेटीकडे गेला.

"बघा, बघा," गुंतार भावांना म्हणाला, "हे म्हणे माझं रक्त. मला तर याच्या आईचाच संशय येतो."

अकराही जण खिदळले. आईने मान खाली घातली.

गेरुल्फने हात मागे घेतला. एकेक काठी डोक्यावर धरून काडकन मोडली आणि तुकडे चारी दिशांना भिरकावले.

"संशय मिटला तुमचा," तो म्हणाला. "आजपासून मी तुमचा कुणी नाही. तुमची जमीनही नको."

"उपाशी मरशील."

"मरेन."

"बारावा आणखी कुणी आहे?" पंचाने विचारलं.

चुलते, मामा, मावसभाऊ, सगळे एकदम आपापल्या जोड्यांचे बंद बघू लागले. गुंतारच्या शेजारची जागा कधी रिकामी झाली, कळलंही नाही.

रात्रूद घोळक्यातून पुढे आली. तिने बापाचा उजवा हात धरला आणि जरीकाठाची बाही, एकेक घडी नीट घालत, कोपरापर्यंत दुमडली.

"हळू गं," गुंतार पुटपुटला.

"एवढ्यानंच दुखलं, बाबा?"