तिसरा मोडेम

गंगाधर सरांचा पारा चढला होता. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाईंना गुडघ्यांमुळे सारखं उठायला नको म्हणून मुलानं दिवे, पंखे सगळं मोबाईलवर आणून दिलं, आणि ते ज्या मोडेमवर चालतं तोच वर्षात तिसऱ्यांदा गेला. चार दिवस त्या पंखा लावायलासुद्धा भिंत धरून उठत होत्या.

"सर, हापण तापूनच जळालाय की," नवा मोडेम जोडता जोडता कंपनीचा अजिंक्य म्हणाला.

"तापणारच. तुमच्या कंपनीनं सोलापूरचं ऊन कधी बघितलंय का?" सर करवादले.

 

तो गेल्यावर सरांनी घडी घालून ठेवलेली सत्काराची जाड शाल काढली आणि धूळ बसू नये म्हणून, नेहमीसारखी, नव्या मोडेमला चारी बाजूंनी पांघरली.