जुनं इंजिन

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मी हट्टाने हेलिकॉप्टरचं टर्बाइन इंजिन बसवलं. काढलेलं मूळ इंजिन मेव्हण्याला फुकट देऊन टाकलं. त्याने ते आपल्या गाद्यांच्या टेम्पोत बसवलं, तेव्हा मी पोट धरधरून हसलो होतो.

काल बायकोला शेजारी बसवून गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. आवाज असा, की अख्खी गल्ली गॅलरीत आली. मीही मंत्र्यासारखा हात हलवत निघालो. चौकात सिग्नल लागला आणि तिथे उभ्या उभ्याच टर्बाइनने सगळी टाकी पिऊन टाकली.

"काय हो, उडायला जागा कमी पडतेय का?" मागचा बसवाला ओरडला.

बायकोने भावाला फोन लावला. मेव्हणा टेम्पो घेऊन आला, त्याने माझ्या गाडीला दोर बांधला. बायको खुशाल टेम्पोत जाऊन बसली. मी मान खाली घालून स्टीअरिंग धरलं.


मेव्हणा खिडकीशी वाकून म्हणाला, "काळजी करू नका भावजी, गाडी तिच्या जुन्या इंजिनावरच घरी जाणार आहे. फक्त आज ते जरा पुढे बसवलंय."