शकुनाचा पैसा

"अठ्ठावीस हजार," बँकेतला टँगनी म्हणाला. "याच्या खाली नाही जमायचं."

डर्व्हलाने पुढ्यातल्या कागदाकडे पाहिलं. आठवडाभर घोकलेली वाक्यं त्यावर ओळीने लिहिलेली होती आणि सगळी वापरून झाली होती. कर्ज अठ्ठेचाळीस हजार युरोंचं, तिच्या वडिलांच्या नावावरचं. एकरकमी द्यायला तिच्याकडे चोवीस होते. विम्याचे, आणि पावाची गाडी विकून आलेले. आज जमलं नाही तर बेकरी लिलावात जाणार होती, भट्टीसकट. ती भट्टी फेब्रुवारीपासून, वडील गेल्यापासून, थंड होती.

"चोवीस," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत बॅटीकाका बसले होते. वडिलांचे थोरले भाऊ. आयर्लंडमधल्या केरीच्या गुरांच्या बाजारांत पंचावन्न वर्षं सौदे केलेला माणूस. बँकेत तोंड उघडायचं नाही, अशी शपथ घालूनच तिने त्यांना आणलं होतं. त्यांनी ती पाळली. तोंड न उघडता ते उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि दार ढकलून बाहेर गेले.

"रागावले का ते?" टँगनीने विचारलं.

काचेतून काका दिसत होते. समोरच्या औषधांच्या दुकानापुढे, बँकेकडे पाठ करून, ते दात घासायचे ब्रश निरखत होते.

"नाही." डर्व्हलाचे कान लाल झाले होते. "ते गेलेले नाहीत. बाजारात असंच करतात. मग कुणीतरी हाक मारून परत बोलवायचं असतं."

"कुणी?"

"तुम्ही."

टँगनीने आधी संगणकाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. काका आता वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"माझे आजोबा एकदा असेच सौदा सोडून निघाले," टँगनी सावकाश म्हणाला. "पार पुलापर्यंत गेले. कुणी हाकच मारली नाही. बैल तर मागेच बांधलेला. आजी मरेपर्यंत त्यावरून टोमणे मारायची."

तो उठला, दार उघडलं आणि भर रस्त्यात ओरडला, "अहो काका! परत या! असं अर्ध्यावर टाकून कुठे निघालात?"

काउंटरवरच्या दोघी माना वर करून बघत राहिल्या.

काका आले, उपकार केल्यासारखे, रमतगमत. बसले नाहीत.

"कुणाचा रे तू?"

"टँगनी."

"ते दारावर लिहिलंय. डोंगराकडच्या टँगनींचा, की डेअरीजवळच्या?"

"डोंगराकडच्या."

"मग बोलण्यात अर्थ आहे. पोरी, हात इकडे."

त्यांनी एका हाताने तिचं मनगट धरलं, दुसऱ्याने टँगनीचं. "ही म्हणते चोवीस, तू म्हणतोस अठ्ठावीस. मधलं अर्धं अर्धं वाटून घ्या. सव्वीस! कुणी हात मागे घेतला तर त्याची सात पिढ्या अब्रू जाईल." मनगटं क्षणभर सोडून ते, बाजारातल्या रीतीप्रमाणे, स्वतःच्या तळहातावर थुंकले. टँगनीला काही सुचायच्या आत त्याचा हात तिच्या हातावर आपटला होता, आणि काकांचा ओला पंजा दोन्हींच्या वर.

"काका," डर्व्हला हलकेच म्हणाली, "माझ्याकडे चोवीसच आहेत."

काकांनी कोटाच्या आतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्याला गोठ्याचा वास येत होता. "कालवडी विकल्या."

डर्व्हलाने नाक पुसलं आणि ती टँगनीला म्हणाली, "कागद हवा. सव्वीस हजारांत कर्ज पुरतं फिटलं, पुढे काही मागणं नाही, असा. सहीशिक्क्याचा."

"हात मिळाल्यावर कागद कशाला?" काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. शपथ घातलीय."

प्रिंटर घरघरला. कागद आला, सह्या झाल्या, शिक्का पडला. टँगनी खुर्चीत मागे रेलला.

"आता सांगायला हरकत नाही. मला पंचवीसपर्यंत उतरायची परवानगी होती."

"आणि माझ्या पाकिटात तीन हजार आहेत," काका म्हणाले.

तिघंही हसले, टँगनी तर इतका, की काउंटरवरची एक बाई बघायला आली.

पण काका हलेनात. त्यांनी हात पुढे केला. "शकुनाचा पैसा."

"म्हणजे?"

"डोंगराकडचा ना तू? विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर काहीतरी परत ठेवायचं, म्हणजे सौदा लाभतो. माझ्या भावाने भट्टी घेतली, तेव्हा कॉर्कच्या त्या व्यापाऱ्याने त्याला एक पौंड परत दिला. भट्टीच्या दाराच्या वर सिमेंटात चिणून ठेवलाय तो. जाऊन बघ."

"बँकेत असल्या खर्चाची सोय नाही हो, काका."

"बँकेचा कोण घेतोय? तुझ्या खिशातला दे."

टँगनीने खिसे चाचपले. चहासाठी ठेवलेलं दोन युरोंचं नाणं निघालं. ते काकांच्या हातावर ठेवण्याआधी तो, दाराकडे एकदा पाहून, त्यावर हळूच थुंकला.

काका खूश झाले. "डोंगराकडचा शोभतोस खरा."

घरी पोचल्यावर ती दोघं मागच्या दाराने बेकरीत शिरली. आई भट्टीसमोर उभी होती. कितीला मिटलं, मिटलं की नाही, तिने काहीच विचारलं नाही. नुसतं काकांच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. वडिलांच्या दाढीच्या मगात ओलं सिमेंट होतं आणि ते घट्ट होऊ नये म्हणून ती चमच्याने ढवळत होती.

"द्या इकडे," ती म्हणाली. "सकाळपासून तिसऱ्यांदा कालवतेय."